दोघांत एक कंट्रोलर

प्रश्न : मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र, आम्ही ‘रेसिडेंट इव्हिल’ या झोंबींच्या भयगेमची अख्खी मालिका पहिल्यापासून एकत्र खेळायचं ठरवलं आहे. त्याचा हात चांगला बसलेला आहे, माझा नाही. ‘मेला की कंट्रोलर दुसऱ्याकडे’ असा नियम ठेवून खेळायला बसलो, तर बराचसा वेळ मी नुसता बघतच राहिलो. त्यात तो म्हणतो, जुने गेम सोडून देऊ, सरळ नवे रिमेकच खेळू. काय करावं?

उत्तर : आधी तो नियम मोडीत काढा. एक डाव दोन-चार मिनिटांत आटोपणाऱ्या ‘मारिओ’सारख्या खेळांत तो ठीक आहे. तुमच्या मालिकेत मात्र ज्याचा हात बसलाय तो मरता मरत नाही. तो मरतो तो थेट सगळ्यात अवघड जागी, आणि तिथेच कंट्रोलर तुमच्या हाती येतो. मग तुम्ही लगेच मरणार, हे ठरलेलंच.

मी आणि माझी मैत्रीण ही मालिका खेळलो तेव्हा आमची अदलाबदल टाइपरायटरपाशी व्हायची. सुरुवातीच्या गेममध्ये सेव्ह करायला टाइपरायटर गाठावा लागतो आणि दर सेव्हला शाईची एक रिबीन खर्च होते. रिबिनी मोजक्याच. सेव्ह केलं की कंट्रोलर दुसरीकडे, आणि मधे मेलं तर जिचा डाव आहे तिनंच पुन्हा खेळायचं. यामुळे दोघींच्या वाट्याला सारखा खेळ आला. शिवाय ‘आत्ता सेव्ह करायचं की पुढच्या टाइपरायटरपर्यंत रेटायचं’ हा प्रश्नही दोघींचा झाला. बघणाऱ्याला त्यात मत असतं, कारण पुढे त्यालाच खेळायचं असतं.

बघणाऱ्याच्या हाती वही द्या. पहिल्या गेममधल्या हवेलीत तलवार, चिलखत, ढाल आणि शिरस्त्राण अशी चिन्हं असलेल्या किल्ल्या आहेत. कुठलं दार कुठल्या किल्लीचं, कुठल्या खोलीत औषधी वनस्पती न उचलता राहिली, हे खेळणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. ते बघणाऱ्यानं टिपायचं.

आता जुनं की नवं. तुमच्या मित्राचं म्हणणं पहिल्या गेमपुरतं मला मान्य आहे. मूळ गेम १९९६ चा आहे, पण तुम्ही २००२ चा रिमेक घ्या. त्याची एचडी आवृत्ती २०१५ मध्ये आली. यात पाडलेला झोंबी तसाच सोडला, तर काही वेळानं तो नखं वाढवून, पळत अंगावर येतो. टाळायचं तर रॉकेल ओतून जाळावा लागतो, आणि रॉकेलही पुरवूनच वापरायचं. थोडक्यात, तुमच्या मित्रानं त्याच्या डावात व्हरांड्यात जे प्रेत सोडलं, ते तुमच्या डावात उठणार! दोघांनी मिळून खेळायला याहून चांगली योजना मला सुचत नाही. खेळायला जिल आणि क्रिस अशी दोन पात्रं आहेत, सुरुवात जिलपासून करा. तिला सामानाच्या आठ जागा मिळतात, क्रिसला सहाच.

पात्र वळवताना पहिल्यांदा चीड येईल. त्या काळच्या गेममध्ये ‘वर’ दाबलं की पात्र स्वतःच्या तोंडासमोर चालतं, पडद्यावर वरच्या बाजूला नव्हे. कारण कॅमेरा जागोजागी ठोकलेला आहे आणि पात्र हललं की दृश्य एकदम बदलतं. दिशा पडद्यावरून ठरली असती, तर दर बदलाला पात्र उलट्या तोंडानं पळालं असतं. एचडी आवृत्तीत नव्या पद्धतीचे कंट्रोलही आहेत, ते खुशाल वापरा.

दुसऱ्या गेमबाबत मात्र मी अडून बसणार. १९९८ चा मूळ गेमच खेळा. २०१९ चा रिमेक देखणा आहे, मला तो आवडतोही, पण दोघांसाठी मूळ गेममध्ये जे आहे ते त्यात नाही. मूळ गेम लिऑन आणि क्लेअर या दोन पात्रांच्या दोन डावांत आहे. एकानं पहिला डाव पुरा करायचा, मग तीच रात्र दुसऱ्यानं दुसऱ्या पात्राच्या बाजूनं खेळायची. पहिल्यानं केलेल्या काही गोष्टी दुसऱ्याच्या डावात उरतात. पोलीस ठाण्याच्या तळघरात शस्त्रांच्या खोलीत एक सबमशीनगन आहे आणि एक कमरेची पिशवी, जिनं सामानाच्या दोन जागा वाढतात. पहिल्यानं दोन्ही उचललं तर दुसऱ्याला काहीच मिळत नाही.

आमच्यात लिऑन मैत्रिणीकडे होता. त्या खोलीत पोचल्यावर तिनं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि आम्ही बोलत बसलो. तिच्याकडच्या गोळ्या संपत आल्या होत्या, म्हणून बंदूक तिला हवी होती. पिशवी दोघींनाही हवी होती. शेवटी तिनं बंदूक घेतली आणि पिशवी माझ्यासाठी ठेवली. नंतर क्लेअर घेऊन त्या खोलीत शिरले, तेव्हा पिशवी जागेवर होती. मालिकेतले मोठमोठे राक्षस मी विसरून जाईन, पण ही पिशवी नाही. आणखी एक सांगते : दुसऱ्या डावात असा एक जण तुमच्या मागे लागतो, जो पहिल्या डावात आलेलाच नसतो. कोण ते सांगत नाही. म्हणून दुसरा डाव तुमच्या मित्राकडे द्या, हात बसलेला माणूस तिथे लागतो.

तिसराही १९९९ चा मूळच घ्या. त्यात ऐन धावपळीत पडद्यावर दोन पर्याय येतात आणि काही क्षणांत एक निवडावा लागतो. त्यावर पुढची वाट बदलते. दोघांनी एकाच वेळी ओरडायची याहून चांगली जागा नाही. २०२० च्या रिमेकमधून हे काढून टाकलं आहे. पहिले तिन्ही मूळ गेम २०२४ पासून जीओजी या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळतात, तेव्हा जुनं यंत्र शोधत बसायला नको. रिमेक सगळं संपल्यावर खेळा, तेव्हा कुठे काय बदललंय ते दोघांनाही दिसेल.

‘कोड : व्हेरोनिका’ (२०००) हा त्यानंतरचा गेम खेळताना एक ध्यानात ठेवा. पुढे पात्र बदलतं, आणि तेव्हा क्लेअरच्या अंगावर जे सामान असेल ते तिच्याबरोबरच राहतं. चांगली शस्त्रं सामान साठवायच्या पेटीत ठेवत चला.

चौथ्यात रिबिनी लागत नाहीत, सेव्ह हवं तितकं करा. तिथे प्रकरण संपलं की अदलाबदल ठेवा. पाचव्या (२००९) आणि सहाव्या (२०१२) गेममध्ये दोघांनाही एकाच वेळी खेळता येतं. पाचव्यात सामान बघायला उघडलं तरी खेळ थांबत नाही, त्यामुळे गोळ्या मागायच्या तर आधी तोंडानं मागा. सहावा लांबलेला आहे. लिऑनचा भाग खेळा, कंटाळा आला तर बाकीचे सोडलेत तरी चालेल. अख्खी मालिका म्हणजे तिचा प्रत्येक फाटा असं मी धरत नाही.

तुमच्यासाठी खरा गेम आहे तो याच मालिकेतला ‘रेव्हलेशन्स २’ (२०१५). त्यात क्लेअर बंदूक चालवते आणि तिच्या जोडीदारणीकडे, मोइराकडे, विजेरी आणि पहार असते. मोइरा शत्रूच्या डोळ्यांवर उजेड मारून त्याला गडबडवते, लपलेल्या वस्तू हुडकते. दुसऱ्या जोडीत बॅरी लढतो आणि लहानगी नतालिया भिंतीपलीकडचे शत्रू बोट दाखवून सांगते. नेम नसला तरी काम आहे, आणि तुमच्यावाचून मित्राचं पान हलणार नाही.

दोघांपैकी कुणीही एकट्यानं पुढे जायचं नाही, एवढं मात्र आजच ठरवून टाका. ‘जरा बघून ठेवतो’ हेसुद्धा नाही. ज्याला पुढचं माहीत आहे तो गप्प बसला तरी त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

प्रश्न : आम्हा दोघी मैत्रिणींना ‘हेलो’ ही अंतराळातल्या लढायांच्या गेमची मालिका एकाच टीव्हीवर, पडदा विभागून, शेवटपर्यंत खेळायची आहे. जमेल का?

उत्तर : शेवटपर्यंत नाही. ‘मास्टर चीफ कलेक्शन’ या संचात पहिले चार गेम आणि ‘ओडीएसटी’, ‘रीच’ हे मालिकेचे दोन फाटे आहेत, आणि एक्सबॉक्सवर हे सगळे पडदा विभागून खेळता येतात. पीसीवर ती सोय नाही. पाचव्या गेममधून (२०१५) विभागलेला पडदा काढून टाकला. त्यानंतरच्या ‘इन्फिनिट’मध्ये तो देऊ असं म्हणून गेम बनवणाऱ्यांनी २०२२ मध्ये बेत रद्द केला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्या दोन्हींसाठी दोन यंत्रं आणि इंटरनेट लागेल.

‘रीच’ची गोष्ट आधी घडते, तरी तो २०१० चा गेम त्याच्या जागीच, म्हणजे तिसरा आणि ‘ओडीएसटी’ झाल्यावर खेळा. शेवट काय होणार हे ठाऊक असतानाच तो अंगावर येतो. दुसऱ्या गेममध्ये लेजेंडरी, म्हणजे सगळ्यात अवघड पातळी घेऊ नका, तिथे एक मेली की दोघीही मागे जातात. आणि तिसऱ्यात दुसरा कंट्रोलर ज्याच्या हाती तो आर्बिटर हे परग्रहावरचं पात्र होतो, तेव्हा कोणी कुठला कंट्रोलर घ्यायचा ते सुरू करण्याआधी ठरवा.