कोझी फॅन्टसीत, म्हणजे छोट्या, ऊबदार जगात घडणाऱ्या जादूच्या कथेत, युद्ध नाही, खलनायक नाही, तरी लोक ती शेवटपर्यंत का वाचतात? आणि पुण्यात घडणारी अशी कथा मराठीत लिहिता येईल का?

नक्की लिहिता येईल. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटते, घरोघरचं सगळं दूध देवळात येतं, तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरचं काम आवरते, लेकराबाळांना खाऊपिऊ घालते, गाईवासरांना चारा घालते आणि मग खुलभर दूध घेऊन देवळात जाते. गाभारा भरतो. कहाणीत चमत्कार आहे, राक्षस मात्र कुठेच नाही. वासरांच्या आणि मुलांच्या तोंडचं दूध काढून घेतलं, एवढीच चूक, आणि ती घरच्या घरी सुधारता येते. कोझी फॅन्टसी याच वाटेने चालते.

यात काहीच पणाला लागलेलं नसतं, हा समज चुकीचा आहे. लागलेलं असतं, पण हात पोचेल इतक्या जवळचं. दुकान दिवाळीपर्यंत तग धरेल का, ही धाकधूक वाचकाच्या ओळखीची असते. ट्रॅव्हिस बाल्ड्रीच्या ‘लेजंड्स अँड लाटेज’ या कादंबरीनंतर (२०२२) कोझी फॅन्टसी हे नाव बरंच पसरलं. तिच्यात एक ऑर्क (फॅन्टसीतली राक्षसासारखी धिप्पाड, लढवय्यी जमात) बाई भाडोत्री लढाया सोडून कॉफीचं दुकान काढते, तेही कॉफी माहीत नसलेल्या शहरात. सुरुवातीची कितीतरी पानं जुना तबेला दुरुस्त करण्यात जातात आणि तरी कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक पानावर काम थोडं पुढे सरकलेलं दिसतं. मोडकी जागा हळूहळू वापरात येताना बघण्यात विलक्षण समाधान असतं. माझ्या मते या प्रकाराची खरी ओढ तिथे आहे, गोडव्यात नाही.

आता पुण्याकडे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळाने शहरातल्या हौदांत आणलं गेलं. पेठेतल्या एका वाड्यात असा एक हौद आहे, असं धरा. त्याच्या पाण्यात हरवलेली वस्तू कुठे आहे ते दिसतं, पण विचारणाऱ्याने आधी एक घमेलं गाळ उपसायला हवा. ही अट सोडू नका. जादू फुकट मिळाली की कथा तिथेच बसते, कारण पात्रांना करायला काही उरत नाही. घमेलं ठेवलंत की किल्ली शोधायला आलेल्या माणसाचे हात कोपरापर्यंत चिखलात जातात, आणि हौद आपोआप साफही होत जातो. गणपतीच्या आत हौद साफ झाला नाही तर तो बुजवायचा, अशी मुदत घाला. जागा, उणीव आणि मुदत पहिल्या ३०० शब्दांत आली पाहिजे. एकूण ३,००० ते ३,५०० शब्द आणि जास्तीत जास्त चार माणसं पुरतात.

विरोध लागतोच. तो नसला की कथा पाकात बुडालेल्या जिलबीसारखी होते, दुसरा घास जात नाही. मात्र विरोध करणारा माणूस दुष्ट नको. वाड्याच्या मालकांना, काकांना, हौद बुजवायचाय, कारण त्यांची नात एकदा त्यात पडली होती. त्यांचं म्हणणं वाचकाला पटलं पाहिजे, आणि हौद वाचवायला निघालेल्या मुलीचंही.

खाण्यापिण्याची वर्णनं हा या प्रकाराचा जीव, आणि नवे लेखक नेमके तिथेच घसरतात. मिसळ, भाकरवडी, मस्तानी अशी यादी दिली की ते हॉटेलचं मेनूकार्ड होतं. एकच पदार्थ घ्या आणि तो होताना दाखवा. अमृततुल्यात पितळी पातेल्यात चहा उकळतो, कुटलेलं आलं-वेलची पडते, ओगराळ्याने चहा वर उचलून पुन्हा पातेल्यात सोडला जातो, मग फडक्यातून गाळतात. एवढं सगळंही लिहू नका. फडकं पिळून शेवटचे थेंब किटलीत उतरेपर्यंत थांबलेला हात दाखवा आणि तेवढ्या वेळात काकांना नातीचं ते पडणं बोलून टाकू द्या. हाताला काम असलं की माणसं अवघड गोष्टी सहज बोलतात. म्हणून या कथांमध्ये महत्त्वाचे संवाद चुलीपाशी किंवा ओट्याशी होतात.

पुणेरी पाट्यांचे विनोद मात्र टाळा. ते वाचकाला पात्रांपासून लांब नेतात, आणि इथे वाचकाला त्या वाड्यात राहावंसं वाटायला हवं. त्यापेक्षा चौकातल्या पायऱ्यांवरचं शेवाळ, ओल्या लाकडाचा वास, पागोळ्यांखाली ठेवलेली बादली यांतलं एखादं घ्या आणि ते कथेत दोनतीनदा परत येऊ द्या. पहिल्यांदा बादली गळकी असेल, तर शेवटी तिचं भोक डाग देऊन बुजवलेलं असावं.

शेवट गोड हवा, हे वाचकाला दिलेलं वचनच आहे; वाटेत कुत्रंमांजर मारून ते मोडू नका. पण काकांची भीती एका रात्रीत घालवायचीही गरज नाही. हौद राहू द्या, काकांनी त्याच्या तोंडावर स्वतः मापं घेऊन लोखंडी जाळी बसवून घ्यावी आणि नातीने त्या जाळीतून खाली पाण्यात डोकावावं. तिला काय दिसलं ते लिहू नका.