एआयने आखलेल्या रेषेवर सही करण्याआधी

अगं, कॅन्सरच्या रेडिएशनचा आराखडा करताना, किरणांपासून जपायच्या अवयवांच्या सीमा एआय स्कॅनवर काही मिनिटांत आखून देतं, याचा तुला आनंद झालाय. मलाही होतो. पण नागपुरात आपल्यासमोर येणारा पेशंट बघ: तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी कॅन्सर होऊन जबडा गेलेला, छातीचा स्नायू लावून गाल नव्याने उभा केलेला, गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून आलेला. असे चेहरे त्या सॉफ्टवेअरने शिकताना कितपत पाहिलेत, हे कंपनीला विचारच.

पहिले काही महिने एआयची आकृती उघडण्याआधी लाळग्रंथी आणि मज्जारज्जू स्वतः आखत जा. तयार रेषा आधी दिसली की डोळा तिच्याच मागे जातो. मी एकदा घाईत एआयची आकृती तशीच पुढे पाठवली. लाळग्रंथीचा खालचा भाग सुटला होता. सहकाऱ्याने तपासणीत पकडलं. नाहीतर त्या माणसाचं तोंड कायमचं कोरडं पडलं असतं, ही भीती अजून जात नाही.

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, एआयबद्दलची २०२३ची मार्गदर्शक तत्त्वं वाच. संमती आणि माणसाची देखरेख, दोन्ही त्यात आहेत. पेशंटला मराठीत, हिंदीत, जमेल तसं सांग, की आराखड्यात यंत्राची मदत घेतलीय आणि डॉक्टरांनी तो तपासलाय. आणि हो, डोक्याचे स्कॅन बाहेर पाठवताना नुसतं नाव पुसू नकोस. त्यातून चेहरा पुन्हा उभा करता येतो.