सॉफ्टवेअरने सगळं कळतं, तर कामगाराची लघवी कशाला तपासायची?

तुम्ही विचारलंय की एखादं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं रसायन, कामगाराच्या अंगात किती जाईल आणि लघवीतून किती बाहेर पडेल हे पीबीपीके मॉडेलने (रसायन शरीरात कुठे किती जातं याचा कॉम्प्युटरवरचा हिशोब) आधीच काढता येत असेल, तर कंपनीने लघवीच्या टेस्टवर खर्च का करायचा, आणि त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर शिकायचं. सॉफ्टवेअरचं शेवटी सांगते. पण पहिला भाग वाचून राहवलं नाही, कारण अगदी हेच मी एका सिनियर कन्सल्टंटच्या तोंडून ऐकलंय आणि त्यापायी एका माळकरी माणसाला दारुडा ठरवलेलं डोळ्यांनी बघितलंय.

मी मुंबईत इंडस्ट्रियल हायजिनचं, म्हणजे कामगारांच्या अंगात कामावर काय काय जातं ते मोजायचं, काम करते. भांडुपला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचा गाळा होता, रेक्झिनसारखं कापड बनवायचे. पीयू रेझिन डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) नावाच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं असतं, त्यामुळे डीएमएफ सगळीकडे. मालकाने मशीनवर एक्झॉस्ट चांगला बसवला होता, ते मान्य करायलाच पाहिजे. आम्ही कॉलरला सॅम्पलर लावून शिफ्टभर हवा घेतली, ४ पीपीएमच्या आसपास आली. तेव्हा एसीजीआयएच या अमेरिकन संस्थेची मर्यादा १० होती, आता ५ आहे. म्हणजे कागदावर सगळं छान. पण मशीनवरच्या काकांच्या लघवीत एनएमएफ (डीएमएफपासून अंगात बनून लघवीत येणारं रसायन) भरपूर निघालं आणि रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास झाल्याची खूण, पण वाढलेलं.

कन्सल्टंट सरांनी लॅपटॉप उघडला, ४ पीपीएम टाकलं, आठ तास टाकले, आणि मॉडेलने जो आकडा दिला त्याच्या कितीतरी पट लघवीत होतं. सर म्हणाले, सॅम्पल कंटॅमिनेट झालंय, मॉडेल व्हॅलिडेटेड आहे, परत सॅम्पल घ्यायची गरज नाही. आणि लिव्हरचं काय, तर कंपनीचे डॉक्टर म्हणाले, अहो ही लोकं पितात. काका साताऱ्याकडचे, वारी न चुकवणारे, गळ्यात तुळशीची माळ. डॉक्टरांनी हेल्थ कार्डावर ‘अल्कोहोलिक’ लिहिलं तेव्हा ते भांडले नाहीत, शर्टाचं वरचं बटण काढून माळ बाहेर घेतली आणि मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही तरी खरं लिहा.”

मग मी शिफ्ट संपेपर्यंत थांबले. ब्लेड आणि रोलर साफ करायची वेळ झाली की डब्यात डीएमएफ ओतायचं, त्यात कापडाच्या चिंध्यांचा बोळा बुडवायचा, हाताने पिळायचा आणि ब्लेडवरून फिरवायचा, परत बुडवायचा, परत पिळायचा. हातात पातळ लॅटेक्सचे ग्लोव्हज, एक बोट फाटलेलं. ग्लोव्हज काढले तर आतून ओले, आणि बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली. डीएमएफला लॅटेक्स अडवत नाही, नायट्राइलही फार वेळ टिकत नाही, ब्युटाइल रबर लागतं. उलट आत शिरलेलं डीएमएफ ग्लोव्हमध्ये कोंडून चामडीला चिकटून राहतं.

आता हा हिशोब करा, मी तो तिथेच डेटाशीटच्या मागे केला होता. ४ पीपीएम म्हणजे घनमीटरला साधारण १२ मिलिग्रॅम. आठ तासांच्या कामात माणूस १० घनमीटर हवा घेतो, त्यातलं सगळंच्या सगळं शोषलं गेलं असं धरलं तरी १२० मिलिग्रॅम. आता हात. माणसांना मनगटापर्यंत हात डीएमएफमध्ये बुडवायला लावून प्रयोग झालेले आहेत, त्यात तासाला दर चौरस सेंटिमीटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम आत जातं असं दिसलंय. दोन्ही हातांची तळव्याची बाजू ४०० चौरस सेंटिमीटर धरा. तासाला ३६०० मिलिग्रॅम, मिनिटाला ६०. म्हणजे दिवसभर नाकाने जेवढं जातं तेवढं हाताने दोन मिनिटांत! आणि साफसफाई काय दोन मिनिटांत होते का?

हे सरांना दाखवलं तर म्हणाले, ठीक आहे, स्किन पण टाकू. आणि त्यांनी पॉट्स आणि गाय यांचं १९९२ चं समीकरण वापरलं, ज्यात लॉग पी (रसायन पाण्यापेक्षा तेलात किती मिसळतं याचा आकडा) आणि मॉलिक्युलर वेट घातलं की चामडीतून किती जाईल ते मिळतं. डीएमएफचा लॉग पी उणे एकच्या आसपास, त्यामुळे उत्तर आलं तासाला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम. प्रयोगापेक्षा पंचेचाळीस ते नव्वद पटीने कमी! कारण ते समीकरण पाण्यातल्या पातळ द्रावणांच्या डेटावर बसवलेलं आहे, आणि डीएमएफ नुसतं असलं की चामडीचा अडसर स्वतःच मोडून आत जातं. एसीजीआयएचच्या यादीत डीएमएफपुढे ‘स्किन’ असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. मॉडेल चूक नव्हतं हो, त्यात घातलेला माणूस चूक होता, त्या माणसाला हातच नव्हते.

शेवटी मालकाच्याच परवानगीने काकांना ब्युटाइलचे ग्लोव्हज आणि लांब दांड्याचा स्क्रेपर दिला, हवा तीच, मशीन तेच, आणि एनएमएफ निम्म्याच्याही खाली आलं. एसजीपीटी उतरायला वेळ लागला पण उतरलं. रिपोर्टमध्ये मात्र ‘एक्स्पोजर विदिन लिमिट’ हेच वाक्य राहिलं, ग्लोव्हजचा उल्लेख पार शेवटच्या पानावर. कार्डावरचा शब्द मी भांडून खोडून घेतला. माझं मत स्पष्ट आहे: ज्याने शिफ्टच्या शेवटी उभं राहून साफसफाई बघितली नाही त्याने मॉडेल चालवून कामगाराचं प्रमाणपत्र देऊ नये.

आता हेही सांगते, दारूचा मुद्दा अगदीच बिनबुडाचा नाही. डीएमएफवर काम करणाऱ्याने थोडी जरी घेतली तरी तोंड लाल होतं, छातीत धडधडतं, कारण दारूतून बनलेलं अ‍ॅसिटाल्डिहाइड पुढे फुटत नाही. त्याच गाळ्यातल्या एका पोराला असं व्हायचं. पण ही एक्स्पोजरची खूण आहे, बेवडेपणाची नाही, आणि डॉक्टर तीच उलटी वाचतात. शिवाय दारू आणि डीएमएफ लिव्हरमध्ये एकाच एन्झाइमसाठी भांडतात, त्यामुळे पिणाऱ्याच्या लघवीत आकडा कमीही दिसू शकतो. म्हणजे टेस्टलाही डोळे झाकून मानायचं नाही. आणि मी डॉक्टर नाही, लिव्हरचं लिव्हरच्या डॉक्टरला विचारा.

मॉडेल निरुपयोगी आहेत असंही नाही. वाफेने जाणाऱ्या सॉल्व्हंटसाठी ती खूप चांगली चालतात, रॅमसे आणि अँडरसन यांचं स्टायरीनचं १९८४ चं मॉडेल आजही शिकण्यासारखं आहे, चरबीत साठून हळूहळू कसं बाहेर येतं ते त्यातून नीट समजतं. तुम्ही सुरुवात इंडसकेमफेटपासून करा, एक्सेल फाइल आहे, सेफिक या युरोपातल्या केमिकल कंपन्यांच्या संघटनेच्या पैशातून बनलेली, नाक, चामडी आणि तोंड तिन्ही रस्ते घालता येतात आणि लघवीतला आकडाही देते. व्हीमॅक्स आणि केएम (लिव्हरमधलं एन्झाइम किती वेगाने काम करतं याचे आकडे) मात्र बऱ्याचदा तुम्हालाच शोधून घालावे लागतात, तिथे खरी मेहनत आहे. आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण खात्याचं एचटीटीके पॅकेज बघा, एकदम शेकडो केमिकल्स चाळायला बरं, एका माणसाबद्दल निकाल द्यायला नाही.

आणि लघवीचे नमुने घ्याल तेव्हा वेळ पाळा. एनएमएफ शिफ्ट संपल्यावर लगेच, कारण ते काही तासांतच निम्मं होतं. एएमसीसी, म्हणजे डीएमएफपासून अंगात बनणारं दुसरं रसायन, आठवडाभर साठत जातं, म्हणून ते कामाच्या आठवड्याच्या शेवटी. सोमवारी सकाळी घेतलं तर दोन्ही कमी दिसेल, आणि मग कोणीतरी तुम्हाला सांगेल की बघा, मॉडेल बरोबर होतं.