नोकरी सोडून इव्हेंटमध्ये फ्रीलान्स उतरायचं आहे. सुरुवातीला नावासाठी फुकट शो करावेत का? किती पैसे मागावेत?

फुकट अजिबात करू नका. जनरेटरवाला, मांडववाला, केटरर, कोणीही नावासाठी येत नाही. मग साउंडच्या कन्सोलवर बसणाऱ्यानेच का यायचं?

मी पुण्यात साउंड बघते. एका कंपनीसाठी लोणावळ्याला लग्नाच्या संगीतचा शो घेतला होता, रिसॉर्टच्या लॉनवर. कलेक्टरांनी सूट दिलेले मोजके दिवस सोडले, तर रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. साउंडचेकलाच मी कंपनीच्या मालकांना म्हटलं, कार्यक्रम वेळेच्या मागे पडतोय, घरच्यांचे डान्स आधी घ्या. "बघू गं" म्हणाले आणि पाहुण्यांत मिसळले. पावणेदहाला नवऱ्यामुलाच्या मावश्या अजून स्टेजमागे पदराला पिना लावत उभ्या. मी निवेदकाला खूण करून त्यांना पुढे घेतलं, त्यांचं गाणं पूर्ण वाजवलं आणि दहाच्या ठोक्याला मास्टर फेडर खाली आणून सगळा आवाज बंद केला. मुलीच्या वडिलांशी बोलून सगळ्यांना बँक्वेट हॉलमध्ये नेलं. बंद हॉलला तो नियम लागत नाही. तिथे ढोलकी निघाली, लोक नाचले.

बिल पाठवल्यावर मालकांचं उत्तर आलं, "तू मूड घालवलास. आणि एवढ्या मोठ्या लग्नात तुझं नाव झालं, पैशाचं काय घेऊन बसलीस?" पोलीस आले असते तर मिक्सर माझा उचलला गेला असता, त्यांचा नाही!

माझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, होती. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे पैसे अडवता येत नाहीत, करार नसेल तर 15 दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज चढतं. एवढंच ई-मेलमध्ये लिहिलं. मुद्दल आलं, व्याज नाही. "असं केलंस तर या लाइनमध्ये तुला कोणी बोलावणार नाही," हेही ऐकवलं गेलं. त्याच रिसॉर्टच्या मॅनेजरने पुढच्या सीझनला मला थेट फोन केला. पैसे मागणाऱ्या माणसाला काम मिळत नाही, हे फुकट राबवून घेणाऱ्यांनी पसरवलेलं आहे.

म्हणून नोंदणी पहिल्या कामाआधी करा, ती ऑनलाइन आणि मोफत आहे. अर्धे पैसे हातात आल्याशिवाय तारीख देऊ नका. वेळ, ओव्हरटाइम, गाडीभाडं आणि आवाज कधी बंद होणार, हे सगळं व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या.

किती मागायचे हे तुम्ही लाइट बघणार, निवेदन करणार की प्रॉडक्शन, त्यावर आहे. तुम्ही ते लिहिलेलंच नाही. काम येत नसेल तर एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली केबल ओढा, पण रोजंदारी घेऊन. आमच्या गल्लीतल्या मंडळाचं गणपतीचं साउंड मी पैसे न घेता करते, ती गोष्ट वेगळी, तिथे कोणी तिकीट लावून कमावत नाही. आणि चातुर्मासात लग्नं जवळजवळ थांबतात, तेव्हा तेवढे महिने घर चालेल इतकी शिल्लक पडेपर्यंत राजीनामा देऊ नका.