नवा प्रोजेक्ट सुरू करताना

अरे, कोथरूडच्या रूमवर नेट रेंगाळतंय म्हणून सगळी पॅकेजेस (इतरांनी लिहिलेला तयार कोड) सिस्टिमच्या पायथनमध्ये टाकून मोकळा होऊ नकोस. प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे फक्त त्याच्याच पॅकेजेसची वेगळी जागा, हवंच. त्याची सोय पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून आतच आहे. मग व्हीएस कोड या एडिटरमध्ये पायथनची फाइल उघड आणि खाली उजव्या कोपऱ्यात बघ, तुझंच एन्व्हायर्नमेंट दिसतंय ना? नसेल तर तिथेच क्लिक करून बदल. पॅकेज टाकूनही 'मॉड्यूल नॉट फाउंड' येतं, ते बहुतेकदा यामुळेच. प्रोजेक्टचा फोल्डर हलवलास तर एन्व्हायर्नमेंट नव्याने बनव, त्याच्या आत जुने पाथ (फोल्डरचे पत्ते) पक्के लिहिलेले असतात. आणि पहिल्या कमिटआधी, म्हणजे गिटमध्ये कोड नोंदवण्याआधी, गिटइग्नोअरमध्ये (गिटने वगळायच्या फाइल्सच्या यादीत) एन्व्हायर्नमेंटच्या फोल्डरचं नाव टाक. हिंजवडीत इंटरव्ह्यू घेताना रेपो (तुझा गिटवरचा प्रोजेक्ट) उघडून बघणारे आहेत रे!