वाचकांचे प्रश्न : गल्ली एक, कचरागाड्या चार

प्रश्न : आमच्या शहरात प्रत्येक कुटुंब कचरा उचलण्यासाठी आपापला ठेकेदार निवडते आणि त्याला परस्पर पैसे देते. ही पद्धत बंद करून शहराचे विभाग पाडावेत, प्रत्येक विभागाला एकच ठेकेदार नेमावा आणि सर्वांकडून सारखे शुल्क घ्यावे, असा प्रस्ताव आता नगर प्रशासनाने मांडला आहे. जाहीर सभेत सरळ दोन तट पडले. गाड्यांच्या फेऱ्या आणि रस्त्यांची झीज कमी होईल, असे एक गट म्हणतो, तर आमचा निवडीचा हक्क हिरावला जात आहे, असे दुसरा. माझ्या घरी कचरा इतका थोडा निघतो की डबा महिन्यातून एकदाच भरतो. म्हणून मी विरोधात मत देण्याच्या विचारात आहे. माझे चुकते आहे का?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, परंतु ती प्रस्तावातील सारख्या शुल्काच्या एका कलमाविरुद्ध आहे, संपूर्ण प्रस्तावाविरुद्ध नाही, आणि सभेत नेमकी हीच गल्लत झालेली दिसते.

प्रथम रस्त्यांविषयी. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा या गावाजवळ 1958 ते 1960 या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर मालवाहू वाहने सतत चालवून मोठी चाचणी घेण्यात आली. ॲक्सलवरील, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावरील, भार वाढला की रस्त्याची हानी साधारणपणे त्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते, असा तिचा निष्कर्ष निघाला. भार दुप्पट झाला, तर हानी दुपटीने नव्हे, सुमारे 16 पटीने वाढते. हे गणित ढोबळ आहे आणि रस्त्याच्या प्रकारानुसार बदलते. तरीही वस्तीतल्या अरुंद गल्लीतून जाणारे सर्वांत जड वाहन बहुधा कचरागाडीच असते, हे लक्षात घेतले, तर चार ठेकेदारांच्या चार गाड्या एकाच गल्लीतून नेण्यात शहाणपण नाही, हे मान्य करावे लागते. खर्चाचेही तसेच आहे. एका ठेकेदाराची गिऱ्हाइके दर पाचव्या घरी असतील, तर त्याच्या गाडीचा वेळ आणि इंधन कचरा उचलण्यापेक्षा दोन घरांमधले अंतर कापण्यातच अधिक जाते, आणि तो खर्च अखेर घरमालकांच्याच शुल्कातून निघतो.

आता आपल्या डब्याकडे वळू. येथे आपल्याला न आवडणारी एक गोष्ट सांगणे भाग आहे. डबा अर्धा असो वा रिकामा, गाडीला आपल्या दारावरून जावेच लागते. चालकाचे वेतन आणि गाडीचे हप्ते आपल्या काटकसरीमुळे कमी होत नाहीत. त्यामुळे दशांश कचऱ्याला दशांश शुल्क, ही मागणी टिकणारी नाही. मात्र कचरा कमी असला, की त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च खरोखरच वाचतो, आणि ती बचत आपल्या पदरात पडलीच पाहिजे. दक्षिण कोरियाने 1995 पासून ठरावीक पिशव्या विकत घेऊन त्यांतच कचरा टाकण्याची पद्धत देशभर लागू केली. जितका कचरा, तितक्या पिशव्या. या पद्धतीला चोरून कचरा टाकण्याची खोड जडू शकते, म्हणून देखरेख लागते. आपल्या शहरासाठी मला मधला मार्ग बरा वाटतो : फेरीचे एक स्थिर शुल्क सर्वांना सारखे, आणि त्यावर डब्याच्या आकारानुसार वेगळा दर. लहान डब्याचा दर खरोखर लहान असावा. दोन दरांतला फरक नाममात्र असेल, तर पर्याय देण्याचा तो देखावाच ठरेल.

सारख्या शुल्काचे कलम किती महागात पडते, याचे उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सेंट पॉल शहरात सापडते. तेथे 1 ऑक्टोबर 2018 पासून अशी योजना सुरू झाली. शेजाऱ्याबरोबर एकच डबा वापरणाऱ्यांना आणि कचरा जवळजवळ न टाकणाऱ्यांनाही शुल्क भरावे लागले, चार घरांपर्यंतच्या इमारतींत घरागणिक डबा सक्तीचा झाला, आणि संतापलेल्या रहिवाशांनी सह्या गोळा करून सार्वमताची मागणी केली. शहराने ती नाकारली. वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर 5 नोव्हेंबर 2019 रोजी मतदान झाले. मतदारांनी योजना कायम ठेवली. मला त्यातले मतदानापूर्वीचे वर्ष अधिक बोलके वाटते : सामायिक डब्याची सवलत आरंभीच करारात लिहिली असती, तर विरोधाची धार बरीच बोथट झाली असती.

प्रश्न : मग आज काम करणाऱ्या लहान ठेकेदारांनी काय करायचे?

उत्तर : एकच मोठी निविदा काढली, तर ते बहुधा बाहेर फेकले जातील. मिनेसोटाच्या कायद्यात शहराने आधी परवानाधारक ठेकेदारांशीच किमान 60 दिवस वाटाघाटी कराव्यात, अशी तरतूद आहे. ठेकेदाराकडे आज जितकी घरे आहेत, साधारण तितकीच एकमेकांना लागून असलेली घरे त्याला नेमून द्यावीत, असा तोडगा अशा चर्चेतून निघू शकतो. गाड्यांच्या फेऱ्या घटतात आणि कोणाचा धंदाही बुडत नाही.

प्रश्न : ठेकेदार एकच असला आणि गाडी आलीच नाही, तर दाद कोणाकडे मागायची?

उत्तर : आज आपण ठेकेदार बदलू शकता, उद्या ती सोय राहणार नाही. निवडीच्या हक्काविषयी ओरड करणाऱ्या गटाचा हा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. ठेकेदार बदलण्याच्या हक्काची जागा करारातील दंडाने भरून काढावी लागते. चुकलेली फेरी किती तासांत भरून द्यायची, न दिल्यास दंड किती, आणि तो दंड शहराच्या तिजोरीत जाणार की त्या घराच्या देयकातून वजा होणार, हे पुढच्या सभेत लेखी मागा. तक्रार ठेकेदाराच्या नव्हे, शहराच्या कार्यालयात नोंदवली जावी, असाही आग्रह धरा. कारण चुकलेल्या फेऱ्यांची मोजदाद ज्याच्या हाती, त्याच्याच हाती दंडाची किल्ली असते.