दुखत नाही, हीच भानगड

प्रश्न : वय ५८, मधुमेह १२ वर्षं. लालबागहून सिद्धिविनायकाला अनवाणी गेलो, अंगठ्याखाली फोड फुटला. तीन आठवडे हळद लावतोय. दुखत नाही, पण मोजा ओला होतो. बोट कापतील का?

उत्तर : काका, दुखत नाही याचीच मला धास्ती. साखरेनं नसा बधिर होतात, माणूस जखमेवरच चालत राहतो. हळद थांबवा, उद्याच केईएम रुग्णालयाची ओपीडी गाठा. पायाची नाडी बघतील, हाडापर्यंत पू गेलाय का ते एक्स-रे काढून तपासतील. बोटाचा निर्णय त्यावरच. तोवर त्या पायावर भार नको. (तंबाखू असेल तर तीही सोडा.) ताप, दुर्गंधी, काळेपणा दिसला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात जा.